इथून इथपर्यंत

पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल देहूरोड सोडते, आणि डब्यातल्या गप्पा अजून तळेगाव-कामशेतच्या जागांच्या भावात अडकलेल्या असतानाच बेगडेवाडी येऊन निघूनही जातं. लग्नघरात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या लांबच्या मामासारखं हे स्टेशन. त्याला कुणी विचारत नाही, त्याचंही काही म्हणणं नसतं. मला मात्र ती पाटी वाचली की लहानपणचं बेगड आठवतं. गणपतीच्या आदल्या रात्री वडील पुठ्ठ्याच्या मखरावर सोनेरी-हिरवे तुकडे खळीनं चिकटवायचे आणि मी वाटी धरून पेंगत बसायचो. एक तुकडा हमखास माझ्या कोपराला चिकटायचा आणि विसर्जनापर्यंत माझ्यासोबत राहायचा. श्रावणात इथं उतरावं, मधूनच ऊन पडावं, आणि घोरावडेश्वराच्या डोंगरावरल्या ओल्या कातळावर तेच बेगड लखलखावं. वडिलांनी चिकटवलं असतं तर जरा तिरकं बसलं असतं, एवढाच फरक.

माझी फेरी ठरलेली. पायऱ्यांनी वर चढायचं, लेण्यांपाशी टेकायचं, दुसऱ्या अंगाच्या झाडीतल्या पायवाटेनं उतरून पुन्हा स्टेशनवर यायचं. एकदा घरी हिनं विचारलं, "अहो, एवढं चालून पोचलात कुठं?" मी म्हटलं, "बेगडेवाडीला." "आणि निघाला होतात कुठून?" या प्रश्नाला उत्तर असतं, पण ते बायकोला देता येत नाही. माझी आजी औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा घालायची. हिशेब चुकू नये म्हणून मुठीतला तांदळाचा एकेक दाणा खाली ठेवत जायची. एवढं चालून ती औदुंबरापाशीच असायची. पण पोचलीस कुठं, असं तिला कुणी कधी विचारलं नाही. मधोमध देव असला की गोल फिरण्याला कुणी वेळ घालवणं म्हणत नाही. आणि माझ्याही फेरीत मधोमध महादेव आहे, हे मी घरी सांगायला विसरलो.

तो महादेवही तसा नंतर राहायला आलेला. लेणी कोरली गेली ती बौद्ध भिक्षूंसाठी. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हा त्यांचा नेम. आणि जागा अशी निवडलेली की उठवत नाही. पुढं १८५८ साली खाली पुण्याची आगगाडी आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, गहुंज्याला क्रिकेटचं स्टेडियम उभं राहिलं; वरून पाहिलं तर ते एखादी परात धुऊन उन्हात ठेवावी तसं दिसतं. मोटारी मुंबईकडे धावत असतात, आणि इतक्या उंचीवरून त्यांची घाई रांगणाऱ्या पोरासारखी वाटते. त्याच वेळी माझ्या पायरीवर एक खेकडा आडवा निघाला होता. त्याला चढायचंही नव्हतं, उतरायचंही नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांना वाट दिली.

तुकोबांच्या एकांताचे डोंगर सांगतात त्यांत भंडारा आणि भामचंद्राबरोबर घोरावडेश्वरही येतो. देहूहून यायचं, विठ्ठलात बुडून जायचं आणि पुन्हा देहूलाच परतायचं, म्हणजे फेरीच की. भंडाऱ्याची ती कथा घरोघरी ठाऊक आहे: तुकोबांची बायको आवली भाकरी घेऊन, त्या काळ्या विठ्ठलाला शिव्या घालत डोंगर चढते, पायात काटा मोडतो आणि तो काढायला काळाच येतो. मला या कथेत काट्यापेक्षा भाकरी जास्त दिसते. शिव्या चालू असतानाही ती फडक्यात नीट बांधलेली असणार. लेण्याच्या ओट्यावर मी डबा उघडला. मी खातो दोन धपाटे. डब्यात चार होते, लसणीची चटणी वेगळ्या पुडीत. "पोचलात कुठं" असं विचारणाऱ्या बाईनंच, पाच वाजता उठून.

एवढ्यात सर आली. छत्रीसाठी हात मागं गेला आणि ध्यानात आलं की छत्री सकाळी स्टेशनच्या बाकावरच राहिली. मग उरलेली निम्मी फेरी भिजत केली. मुरमावरून एकदा घसरलो, करवंदीच्या जाळीनं बाही पकडून सावरलं, त्याबद्दल सदऱ्याचा एक धागा ठेवून घेतला. खाली आलो तर बाकावर छत्री तशीच आडवी, कोरडी ठणठणीत. त्या मोटारींसारखा मुंबईला सरळ गेलो असतो तर गेलीच होती. हिच्या प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर आहे, पण ते सांगायचं तर छत्री विसरल्याचंही सांगावं लागेल, म्हणून अजून बोललेलो नाही.

तुम्ही जाणार असाल तर लोकलच पकडा, आणि देहूरोड गेलं की दाराशी येऊन उभे राहा. बेगडेवाडीला गाडी जेमतेम थांबते.