चेन लावलेले फोटो

मिलवॉकी

ती. बाबांस,

फोनवर तुम्ही चिडलात, "फोटो पाठवले म्हणतोस अन् इथं पिवळ्या पाकिटाला नुसती चेन दिसून राहिली!" त्या पाकिटातच बारशाचे सगळे फोटो आहेत. त्याला झिप म्हणतात.

वडनेरहून बंडीत गेलेल्या कापसाची हिंगणघाटला १७० किलोची गाठ होते, तसंच हे. फक्त झिपमध्ये जिनिंग नाही, नुसतं प्रेसिंग. सरकीसुद्धा आतच राहते. कॉम्प्युटर तोच मजकूर पुन्हा आला की लिहीत बसत नाही, 'मागे पाहा' एवढीच खूण करतो. मावशीचं सुनेबद्दलचं पत्र झिप केलं तर चतकोर होईल, आणि उघडल्यावर एकही गाऱ्हाणं कमी भरणार नाही. फोटोंचं वजन मात्र फारसं घटत नाही. त्यांचं जिनिंग-प्रेसिंग दोन्ही कॅमेऱ्यानं आधीच उरकलेलं असतं. ते सुटे होऊन हरवू नयेत म्हणून एकत्र बांधले, इतकंच.

आता उघडायचं कसं? नुसतं डबल क्लिक म्हणजे डोकावणं. राइट क्लिक करून 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हणा. शेजारी साधं फोल्डर तयार होईल.

गंमत म्हणजे ही झिप आमच्याच गावची. १९८९ मध्ये फिल कॅट्झनं इथं मिलवॉकीत काढली. आजही झिप फाइलीची पहिली दोन अक्षरं 'पीके' असतात, त्याच्या नावाची.

तुम्ही हिंगणघाटच्या दुकानातून पाठवलेला सातबारा मात्र 'रार' निघाला, म्हणजे रशियाच्या युजीन रोशालची करणी. त्याचं विनरार चाळीस दिवस फुकट वापरू देतं. मुदत संपली की पैशाची आठवण करून देतं, पण काम अडवत नाही. असा सावकार विदर्भाला आधी भेटायला हवा होता! शेवटी मी इगोर पाव्हलोवचं सेव्हन-झिप घेतलं, ते कायमचंच फुकट. वडनेरचं शेत, गाठ रशियाची, सोडली अमेरिकेत.

'बक्षीस लागलं' म्हणून कुणी झिप पाठवली तर हात लावू नका. आत नावाच्या शेवटी 'ईएक्सई' लिहिलेलं काही दिसलं तर मुळीच नाही.

आणि हो, फोटोंना पासवर्ड आहे. तो आईला सांगितलाय. तुम्हाला सांगितला असता तर तुम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवला असता, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

तुमचा,
धाकटा