हापसा

आम्ही अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो होतो. ब्रेकचं एकूण वर्तन पाहता देवदर्शन त्याआधीच, वाटेत कुठेही आणि समक्ष घडण्याची शक्यता होती.

मूळ कारण आदल्या दिवशीचं. "दाजी, गॅरेजवाल्याला कशाला पैसे?" असं म्हणत मेव्हण्याने बीडच्या घराच्या अंगणात पोतं अंथरलं, मोबाइल विटेला टेकवला आणि त्यातल्या माणसाचं ऐकत पुढचे दोन्ही कॅलिपर अन् पॅड बदलून टाकले. संध्याकाळी मी पॅडलवर पाय ठेवला. पाय खाली गेला. आणखी खाली गेला. पिकल्या सीताफळात अंगठा जावा तसा गेला. सीताफळाला हा गुण शोभतो. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ब्रेकला मऊपणाबद्दल मानांकन द्यायची पद्धत नाही.

"हवा धरलीय," मेव्हणा म्हणाला. "ब्लीडिंग करू."

ब्लीडिंग म्हणजे मी पॅडल मारून दाबून धरायचं. मग त्याने चाकामागचं निप्पल सैल करायचं. नळीतून तेल आणि बुडबुडे आले की त्याने ते आवळायचं आणि त्यानंतरच मी पाय उचलायचा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, म्हणजे आमच्या गाडीत मागचं डावं, आणि उजवं पुढचं शेवटी. माझा पाय जरा लवकर उचलला गेला की बाहेर पडलेली हवा पुन्हा आत. तो माझ्याकडून बरेचदा उचलला गेला. तरी तिसऱ्या फेरीला बुडबुडे थांबले, तेलाच्या दोन बाटल्या संपत आल्या, आणि पॅडल सीताफळच राहिलं.

"पॅड बसायला वेळ लागतो, दाजी. शंभरेक किलोमीटर चालली की घट्ट होईल."

इथे शहाण्या माणसाने किल्ली खिळ्याला अडकवून एसटी धरली असती. मी जावई होतो. मी गाडी काढली.

मांजरसुंब्याचा घाट बीडहून जाताना चढाचा. चढाला ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळे घाटमाथ्यावर गाडी आणि मेव्हण्याचा आत्मविश्वास एकदमच पोचले. माथ्यावर पुढे ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर होता. त्याला दोन ट्रॉल्या, आणि त्यांत भांडी, सरपण, माणसं, शेळ्या असं अख्खं बिऱ्हाड. ट्रॅक्टर हळू झाला. मी ब्रेक दाबला तर पाय तळाला. दुसऱ्यांदा दाबला तर अर्ध्यावर अडला. तिसऱ्यांदा गाडी थांबली. मागच्या ट्रॉलीतल्या शेळीने माझ्याकडे हातभर अंतरावरून पाहिलं. तिच्या नजरेत तिरस्कार नव्हता, नुसती चौकशी होती.

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, पायाला कसं लागतंय?"

"मऊ."

"मऊ का हलकं? पाणी नसलेल्या हापशाच्या दांड्यावानी?"

मी विचार केला. अगदी तसंच.

"आन् दोन-चार हिसके दिले की जड होतंय?"

"होतंय."

"मग आत हवा बसलीय कुठंतरी. तेल दांड्याला धरंना."

बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या आणि त्यानंतर अर्धं आयुष्य हापशावर रांग लावलेल्या बाईंना हे मोबाइलशिवाय कळलं. मेव्हणा म्हणाला, "आई, हे हायड्रॉलिक आहे." त्या गप्प बसल्या. ज्या तऱ्हेने बसल्या, त्यावरून पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं.

नेकनूरला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री मिळाला. त्याने इंजिन बंद करून पॅडल मारलं, ते कडक झाल्यावर दाबून धरलं. ते हळूहळू खाली सरकलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडर ठीक. हँडब्रेक ओढून मागचे लायनर पाहिले, जोडांवर बोट फिरवून गळती पाहिली. मग पुढचं चाक काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"कॅलिपर कुणी बसवले?"

मेव्हण्याला समोरच्या लिंबाच्या झाडात अचानक रस निर्माण झाला.

"उजव्याचा डाव्याला, डाव्याचा उजव्याला. निप्पल बघा कुठंय. खाली! हवा कुठं जाते? वर! तुम्ही खालून तेल काढायलात आन् हवा वर मजेत बसलीय."

तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. माझ्या पायाचा सगळा जोर त्या हवेचे लाड करण्यात खर्च होत होता. डावं-उजवं कुणाचं धरायचं, गाडीत बसलेल्याचं की गाडीकडे तोंड केलेल्याचं, हा प्रश्न मोबाइलमधल्या माणसाने सोडवून दिला नव्हता.

मिस्त्रीने कॅलिपर अदलाबदल केले, तांब्याचे वॉशर नवे घातले. मेव्हण्याने रात्रभर उघडी राहिलेली बाटली पुढे केली, ती त्याने परत ढकलली. "हे तेल हवेतलं पाणी पितं. घाट उतरताना तापलं की पाण्याची वाफ होते, मग वाफ बी हवेवानीच दबते." नवी बाटली फोडली. मी पॅडलवर बसलो. "मारा. मारा. धरा. अहो, धरा म्हटलं की!" तीनदा माझा पाय चुकला.

"उतरा," सासूबाई म्हणाल्या.

त्या बसल्या. चार वेळा मारलं, आणि धरलं. मिस्त्रीने एक निप्पल सोडलं, आवळलं, मध्येच फोन घेतला, कुणाच्या तरी भावकीचं लांबलचक ऐकलं. पाय तसाच. मी म्हटलं, थोडी विश्रांती घ्या. "त्यानं सोडा म्हटलंय का?" त्यांनी विचारलं.

अर्ध्या तासात पॅडल वरच्या वर, दगडासारखं झालं. मिस्त्रीने हात पुसले. पलीकडे एक जीप बोनेट उघडून उभी होती आणि तिच्यासाठी बोलावलेला पोरगा अजून आला नव्हता.

"मावशी," मिस्त्री अदबीने म्हणाला, "तेवढं त्या जीपचं बी..."

सासूबाईंनी पदर खोचला, चपला खाली काढून ठेवल्या आणि जीपमध्ये चढल्या. "लेकरा," त्यांनी मेव्हण्याला सांगितलं, "तू बाटली धर. आन् निप्पल वर हाय का, तेवढं आधी बघ."