पापलेटाचा उपवास

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळात आमच्या वसईत शुक्रवारी पापलेटाला हात लावायची सोय राहत नाही. कारण साधं आहे. त्या दिवशी मांस वर्ज्य, मासे चालतात.

चालतात म्हणजे किती चालतात, हे ज्यांना चोख ठाऊक आहे ते गृहस्थ तुमच्याही आळीत असतील. राखेच्या बुधवारी कपाळावरची राख पुसली जाऊ नये म्हणून हे घाम टिपताना रुमाल भुवयांच्या वर नेत नाहीत. कॅथलिक चर्चची १९८३ सालची धर्मसंहिता यांना तोंडपाठ. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर, उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. चौदावं सरायला दोन दिवस उरलेल्या नातवाला हे शुक्रवारी कोंबडीची तंगडी वाढतील, पण त्याच्या आईने रश्श्यात भाकरी बुडवली की घरात धर्मसभा भरते.

तर पापलेट. शुक्रवारी सकाळी आपले गृहस्थ बाजारात पोचतात. मासा उलटा करतात, सुलटा करतात, कल्ल्याजवळ अंगठ्याने दाबून बघतात. देहदंडाचा मासा शिळा असून कसं चालेल? मग घासाघीस करून पन्नास रुपये तोडतात. घरी त्या माशाच्या पोटात ओल्या खोबऱ्याची हिरवी चटणी भरली जाते, वर रव्याचा हात फिरतो. जोडीला कोळंबीचं लोणचं. कोळंबी म्हणजे मांस नव्हे. खेकडाही नव्हे. शिंपल्या तर नव्हेतच. अंडंही चालतं, म्हणून शेवटी कॅरॅमल पुडिंग. या तीन पदार्थांच्या उपवासाने थकून दुपारी झोप. संध्याकाळी क्रूसाच्या वाटेला चौदा वेळा गुडघे टेकायचे, तेही ढेकर दाबत. व्हेनेझुएलात कॅपिबारा नावाचा केसाळ, चार पायांचा प्राणी पाण्यात राहतो म्हणून उपवासकाळात मासा ठरवून खातात, हे यांना कळलं तेव्हा यांनी तलावाकडे बराच वेळ पाहिलं. रविवार चाळीस दिवसांत मोजत नाहीत, म्हणून रविवारी मटण. आणि २०२७ साली १९ मार्च शुक्रवारी येतो. त्या दिवशी संत योसेफाचा सोहळा असल्यामुळे मांसवर्ज्य लागू नाही, हे यांनी आतापासून दिनदर्शिकेत लिहून ठेवलंय. बायकोचा वाढदिवस लिहिलेला नाही.

ज्या कोळणीकडून पन्नास रुपये तोडले ती पाचूबंदरची. तीही ख्रिस्ती. तिच्या टोपलीत पापलेट, ताटात शुक्रवारी पेज आणि मीठ. वाचलेल्या पैशांतून शेजारच्या म्हातारीचं औषध येतं. कलम कितवं म्हणून विचारा, ती म्हणेल, "मेल्या, मासा घेतोस का सांग." मिस्साला ती शेवटच्या बाकावर बसते. गृहस्थ पहिल्या.

माझं डोकं फिरतं ते यापुढे. पापलेट खाल्लंत, खा. मीही खातो, आणि तुमच्यामुळे मला ते महाग पडतं हा माझा जुना दावा आहेच. पण याच गृहस्थांच्या केळीच्या वाडीत राबणारा आदिवासी गडी शनिवारी मजुरी मागायला येतो, तेव्हा त्याला पुढच्या आठवड्याचा वायदा मिळतो. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. बायबलातल्या यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात नेमका हाच माणूस आहे: उपवास करतो आणि त्याच दिवशी मजुरांना पिळतो. मग, एवढा उपवास करूनही देव लक्ष का देत नाही, अशी वर तक्रार! अडीच हजार वर्षांपूर्वी हा माणूस पकडला गेलाय आणि अजून पहिल्या बाकावर बसून जपमाळ ओढतोय. धर्मसंहितेतली पळवाट सापडते, यशया सापडत नाही? कोंबडीच्या रश्श्याने बाटतो, गड्याच्या घामाने नाही?

नियम वाईट नाहीत. शुक्रवारचं ताट साधं असावं ते भुकेल्याची आठवण राहावी आणि वाचलेला घास त्याच्याकडे जावा म्हणून. तेवढं सोडून बाकी सगळं तुम्ही पाळता.

तेव्हा येत्या शुक्रवारी पापलेट खुशाल घ्या. फक्त बाजारात जाण्याआधी वाडीत जा आणि गड्याची थकलेली मजुरी चुकती करा.