मांडीवरचा प्रवासी

मांडीवर आपला फार विश्वास. बारसं असो, जावळ असो, कान टोचणं असो, मूल कुणाच्या तरी मांडीवर बसल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी शिरूरच्या बाजारातून गणपती आणायचा, तोही रुमाल पांघरून, मांडीवरच. प्रत्यक्ष विघ्नहर्त्याला सांभाळून न्यायला सीट पुरेशी वाटत नाही. एसटीत पोराला जागा मिळाली नाही म्हणून कधी कुणी हळहळलं नाही, कारण मांडी हीच त्याची जागा होती आणि तिला तिकीट नव्हतं. अशा लोकांना जेव्हा कुणी सांगतं, की चारचाकीत लहान कुत्र्यासाठी धोक्याची जागा म्हणजे मालकाची मांडी, तेव्हा त्यांना त्यात विज्ञान दिसत नाही, उद्धटपणा दिसतो.

माझी आत्या शिरूरची. तिची लेक दौंडला दिलेली. या दोन गावांमधल्या रस्त्यावर आत्याच्या मांडीवरून चिकूची ये-जा चाले. चिकू पांढरा, झुबकेदार, जेमतेम चार किलोचा. आपल्याकडे असल्या प्रत्येक कुत्र्याला पामेरियन म्हणायची पद्धत आहे. खरं तर त्यातले बरेचसे स्पिट्झ, पण चिकूनं या विषयात कधी लक्ष घातलेलं नाही. स्वतःच्या आकाराविषयीही त्याचं मत जरा उदारच आहे. न्हावऱ्याजवळ उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकरवर गाणं लावून एखादा ट्रॅक्टर डुलत समोरून आला, की चिकू मागच्या दोन पायांवर उभा राहून त्याच्यावर भुंकतो. ट्रॅक्टर अर्थातच निघून जातो. मग आपणच त्याला हाकललं, अशा समाधानानं चिकू आत्याकडे वळून बघतो, आणि आत्याही त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्या इतिहासाला मान्यता देते.

अडचण अशी, की हेच ट्रॅक्टर कधी वळणावर अचानक आडवे येतात, रात्री तर मागे दिवाही नसतो, आणि मग ब्रेक दाबावा लागतो. माझ्या आतेभावानं एकदा चहा पिता पिता हिशेब मांडला. गाडी ताशी पन्नासनं चालली आहे आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, म्हणजे कुठे आदळलीच, तर आतला सुटा जीव त्याच पन्नासच्या वेगानं पुढे जातो. त्या क्षणी त्याला धरून ठेवायला लागणारं बळ त्याच्या वजनाच्या चौदापट होतं. म्हणजे आपला चार किलोचा चिकू साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्याहूनही जड. घोडगंगा कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या आत्याला पोतं समजावून सांगायची गरज नव्हती. “पोतं? ह्याचं?” ती म्हणाली. “अरे, परवापासून नीट जेवला नाहीये तो.” पुढच्या सीटवर बसून मांडीवर घ्यावं, तर समोर एअरबॅग. ती पापणी लवायच्या आत, ताशी तीनशेच्या आसपासच्या वेगानं उघडते. मोठ्या माणसाच्या छातीचा विचार करून केलेली ती उशी, मधे चिकू असेल याचा विचार कुणी केलेला नाही.

तरी मांडीच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहेच. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरची तीन कुत्री वाचली: दोन पामेरियन आणि एक पेकिनीज. मोठी कुत्री राहिली; ही वाचली ती कुशीत मावण्याएवढी होती म्हणून. पण बोट हळूहळू बुडते, आणि चौफुल्याच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा येतो तो हळूहळू येत नाही. त्याहून जुना दाखला युधिष्ठिराचा. इंद्र रथ घेऊन समोर उभा, म्हणतो, कुत्र्याला जागा नाही. धर्मराज म्हणतो, मग मीही येत नाही. पुढे त्या कुत्र्याच्या रूपात साक्षात धर्मच होता असं निघालं आणि वाद मिटला. त्यामुळे रथात कुत्र्याला नेमकं कुठे बसवायचं, हा प्रश्न व्यासांना सोडवावाच लागला नाही. तो आपल्या वाट्याला आला.

उत्तर तसं साधं आहे. अंगाला बसेल एवढा क्रेट, ज्यात त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय दुमडून पडता येईल. तो मागच्या सीटवर पट्ट्यानं आवळायचा, नाहीतर पुढच्या सीटच्या मागे खाली घट्ट बसवायचा. नाहीतर छातीभोवती येणारा हार्नेस, मागच्या सीटबेल्टला अडकवलेला. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून चालत नाही, कारण झटका मानेला बसतो. आतेभावानं पुण्याहून क्रेट आणला तेव्हा आत्यानं त्याला पिंजरा म्हटलं आणि विचारलं, “उंदीर आहे का तो?” मग तो पिंजरा बरेच दिवस घरात, देवघराच्या बाजूला, दार उघडं ठेवून नुसता पडून होता. चिकूनं आधी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, मग दाराशी बसून पहारा केला, मग बिस्किटाच्या निमित्तानं पुढचे दोन पाय आत ठेवून पाहिले. शेवटी आत्यानंच काय केलं, आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी घडी करून आत घातली. मऊ, विटकी, तिच्या अंगाचा वास असलेली. दुपारी पाहिलं तर चिकू आत जाऊन, नाक शेपटीत खुपसून झोपला होता. आत्या जरा वेळ बघत राहिली. आपली मांडी आपल्याशिवायही चालते, हे तिला आवडलं की नाही, ते काही चेहऱ्यावरून कळलं नाही.

मला मात्र तिची बाजू कळते. लहानपणी आम्ही पुण्याहून मनमाडकडे जायचो, तेव्हा गाडी दौंडला बराच वेळ थांबायची. दौंड-मनमाड हा फाटा १८७८ सालचा. इंजिन इथं सुटायचं, दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलटी निघायची. पुण्यापासून पुढे तोंड करून बसलेली, खिडकीसाठी भांडलेली सगळी मंडळी दौंडनंतर पाठमोरी प्रवास करू लागायची. आता दौंडला बगल देणारी कॉर्ड लाइन झाल्यावर कित्येक गाड्यांची ती गंमत गेली. पण मला ती गंमत तेव्हाही कळली नव्हती, कारण मी आत्याच्या मांडीवर झोपलेला असे, आणि मांडीला दिशा नसते. त्याच दौंडच्या गाड्यांत कुत्र्याची सोय म्हणजे गार्डच्या डब्यातली पेटी, नाहीतर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर घ्यायचा. गार्डसाहेब २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाले, पेटी आहे ती पेटीच राहिली. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिनं क्रेटकडे पहिल्यांदा जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.

रस्त्याचेही आपले नियम आहेत. खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा पिणारं कुत्रं चित्रात छान दिसतं. खडी सांडलेल्या रस्त्यावर त्याच्या डोळ्यांचं काही खरं नसतं. १९०३ साली होरेशिओ जॅक्सन नावाचा अमेरिकन मोटारीनं आपला देश आडवा पार करायला निघाला, तेव्हा वाटेत घेतलेल्या बड नावाच्या कुत्र्याला त्यानं धुळीसाठी गॉगल घातला होता. चिकूला गॉगल शोभला असता, पण काच वर करणं सोपं पडतं. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला द्यायचं नाही, नाहीतर पारगावचा भीमेवरचा पूल यायच्या आत गोधडी धुवायला होते. चौफुल्याला चहाला उतरायचं तर एकानं गाडीतच थांबायचं. बंद गाडीत दहा मिनिटांत पारा दहाएक अंशांनी चढतो, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच गार होतो. आणि दार उघडण्याआधी दोरी हातात हवी, संध्याकाळी उसाच्या कडेला तर हवीच हवी. शिरूर तालुक्यात बिबट्या ही गोष्टीतली गोष्ट राहिलेली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पिंपरखेडच्या माणसांनी स्वतःच्याच गळ्यात खिळ्यांचे पट्टे चढवले. असे पट्टे आजवर धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे.

धनगरांवरून आठवलं. पाऊस ओसरला की या रस्त्यांवर मेंढ्यांचे कळप लागतात. मोठी कुत्री कडेनं चालतात, बिऱ्हाड घोड्यावर असतं, आणि त्या बिऱ्हाडातच कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं आणि एखादं कुत्र्याचं पिल्लू बांधलेलं असतं. एकदा आमची गाडी कळपात अडकली तेव्हा असं एक पिल्लू अगदी काचेजवळून गेलं. घोंगडीच्या घडीत गळ्यापर्यंत आवळलेलं, बाहेर फक्त दोन कान आणि ओलं नाक. घोडा डुलत होता, पिल्लू त्याच्याबरोबर डुलत होतं, पडण्याचा प्रश्नच नव्हता. घोड्यावर बसलेल्या आजींची मांडी मोकळी होती. आत्यानं ते नीट पाहून घेतलं. आतेभावाच्या हिशेबानं जे झालं नव्हतं, ते तिथं झालं.

हल्ली चिकू शिरूरहून दौंडला क्रेटमध्ये जातो. ट्रॅक्टरवर अजूनही भुंकतो, आणि ट्रॅक्टर अजूनही जातात. दौंडच्या गल्लीत कुणी मांडीवर कुत्रं घेऊन गाडीत बसताना दिसलं, की आत्या खिडकीतून हाक मारून सांगते, “अगं, लाड घरी करावेत. गाडीत नाही.” परवा निघताना मी बघितलं, चिकूचा पट्टा लागला होता, आत्याचा सीटबेल्टही लागला होता, आणि त्या बेल्टच्या वरून, दोन्ही हातांनी धरलेली, लोणच्याची भली मोठी चिनी मातीची बरणी तिच्या मांडीवर होती. पन्नासचा वेग, दहावा हिस्सा, चौदापट, सगळं मी पुन्हा सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बरणी खाली पायाशी, चिकूच्या क्रेटला टेकवून ठेवायला माझ्या हातात दिली. मग रिकाम्या मांडीवरची साडी दोनदा सारखी करून म्हणाली, “लेकीकडं जाताना असं मोकळं बसवत नाही रे. तुझी ती पिशवी तरी दे इकडं.”