गिअरवाले काका

पुण्यात असो, ठाण्यात असो की नाशकात, प्रत्येक सोसायटीला एक तरी गिअरवाले काका असतातच. खाली पार्किंगमध्ये कुणाची गाडी चालू झाली की हे हातातला पेपर घेऊन गॅलरीत येतात. गाडी दिसावी लागत नाही, आवाज पुरतो. "पहिल्यावरच ओढतोय," ते आत काकूंना सांगतात. "आता टाकेल दुसरा... नाही टाकला. अजून नाही टाकला. इंजिनाची वाट लावणार हा मुलगा." गाडी गेटबाहेर जाऊन दिसेनाशी झाली तरी काकांचा जीव तिच्या दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेला असतो.

दुसऱ्याच्या गाडीत शेजारी बसले की त्यांचा डावा पाय आपोआप चालू होतो. तिथे क्लच नसतो, रबरी मॅट असते. पण काका सिग्नल आला की ती दाबतात आणि सिग्नल सुटला की हळूहळू सोडतात. चालवणारा जावई असेल तर तोंडाने फक्त "अं... अं..." एवढंच. मुलगा असेल तर मोकळं रान. "अरे, रडतेय ती! खालचा टाक!"

यामागे पूर्वपुण्याई आहे. काका गाडी शिकले फियाटवर. म्हणजे कुर्ल्याला बनणाऱ्या आणि पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीवर. गिअरचा दांडा खाली नव्हता, स्टिअरिंगच्या बाजूला होता. आत ढकलून खाली, बाहेर ओढून वर, असा सगळा अंदाजाचा मामला. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे, त्यामुळे गाडी चालती असताना पहिला टाकायला गेलं की जो खर्रर्र आवाज येई त्यानं रस्त्यावरचे लोक वळून बघत. मग मास्तरांनी डबल क्लच शिकवला. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, किंचित रेस द्या, परत क्लच दाबा आणि मग खालचा गिअर टाका. एवढं सगळं समोर बैलगाडी आडवी आलेली असताना. आरटीओच्या साहेबांनी चढावर गाडी थांबवायला लावली, ती इंचभरही मागे येऊ न देता काकांनी पुढे काढली आणि पक्कं लायसन्स मिळवलं. बी.कॉम.चं सर्टिफिकेट कुठल्या ट्रंकेत आहे ते काकांना सांगता येणार नाही. त्या चढावरच्या हाफ क्लचची हकिगत मात्र त्यांच्या नातीलाही पाठ आहे.

अशा माणसासमोर कुणी तरी म्हणतं, "काका, आता ऑटोमॅटिक घ्या." काका आधी हसतात. मग त्यांचे मुद्दे सुरू होतात, आणि ते सगळे खोडून काढता येतात ही त्यातली गंमत आहे.

पहिला मुद्दा, हे नवीन फॅड आहे. आपल्याकडे ते स्वस्तात आलं २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओबरोबर, हे खरं. पण जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स ओल्ड्समोबिलमध्ये बसवला तो १९४० च्या मॉडेलला. तेव्हा काकांच्या तीर्थरूपांचंही लग्न झालेलं नव्हतं. दुसरा मुद्दा काका काकू आत गेल्यावर हळूच मांडतात: ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा एम ५ स्टुअर्ट रणगाडा दोन कॅडिलॅक इंजिनांवर आणि दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्सवर चालत होता. तिसरा मुद्दा खऱ्या ड्रायव्हरचा. १९८९ मध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी फेरारी ब्राझीलच्या शर्यतीत उतरली आणि नायजेल मॅन्सेलने ती पहिल्याच फटक्यात जिंकून दाखवली. आज फॉर्म्युला वनच्या गाडीत डाव्या पायाला क्लचचं पेडल नाही. यावर काका क्षणभर गप्प होतात. मग म्हणतात, "पण कुठला गिअर टाकायचा ते तोच ठरवतो ना?" हे मात्र बिनतोड आहे.

राहिला ॲव्हरेजचा मुद्दा. ऑटोमॅटिक पेट्रोल पिते, असं काका रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाताना मित्रमंडळींना सांगतात. ती टेकडी वेताळ टेकडी. पण कोथरूडकर तिला एआरएआय टेकडी म्हणतात, कारण गाड्यांचं ॲव्हरेज प्रमाणित करणारी संस्था तिच्यावरच आहे. त्या संस्थेच्या कुंपणाला वळसा घालून काका हे सांगत असतात. सेलेरिओ आली तेव्हा गिअरवाली आणि बिनगिअरची, दोन्हींचा प्रमाणित आकडा एकच होता, लिटरला २३.१ किलोमीटर. जुन्या धर्तीचा, तेलातून जोर पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर जास्त पेट्रोल घ्यायचा, तिथे काकांचं म्हणणं खरं होतं. सेलेरिओतली एएमटी ही वेगळी जात आहे.

आणि इथेच काकांची खरी पंचाईत होते. एएमटी म्हणजे साधाच गिअरवाला गिअरबॉक्स. क्लच प्लेट तीच, दातेरी चाकं तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी वर एक यंत्र बसवलेलं. ॲक्सिलरेटर कमी कर, क्लच दाब, गिअर बदल, क्लच सोड, पुन्हा रेस दे: काकांनी मुलाला जे शिकवलं तेच ते यंत्र बिनबोभाट करत असतं. काकांच्या हातापायांची नक्कल करून ती डब्यात भरली आहे म्हणा ना. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी किंचित डुलते आणि आतल्या सगळ्यांच्या माना होकारार्थी हलतात, तेवढं एक व्यंग. काकांच्या मुलाच्या गाडीतही माना हलतात, पण त्याबद्दल बोलायचं नाही.

टेस्ट ड्राइव्हला काका गेले ते काकूंच्या आग्रहामुळे. शोरूमचा मुलगा अदबशीर होता.

"सर, डावा पाय बाजूला ठेवा. त्याला काही काम नाही."

"म्हणजे? नुसता बसवून ठेवायचा?"

"हो सर. आराम."

काकांनी पाय आत ओढून घेतला, सीटखाली सारला आणि ब्रेक सोडला. गाडी आपली आपण निघाली. "अरे, मी काहीच केलं नाही!" काका ओरडले. "सर, ती क्रीप होते, ट्रॅफिकसाठी," मुलगा म्हणाला. पुढची दोन वळणं बरी गेली. मग स्पीडब्रेकर आला. उजव्या पायाने ब्रेककडे जायच्या आत सीटखालचा डावा पाय सवयीने बाहेर आला आणि क्लच समजून जे मोठं पेडल सापडलं ते त्याने मुळापासून दाबलं. तो ब्रेक होता. क्लच दाबायची सवय असलेला पाय हळू दाबायला शिकलेलाच नसतो. मागच्या सीटवरच्या काकूंची पर्स पुढे डॅशबोर्डवर आली, मुलाचा टॅब पायाशी गेला आणि मागच्या रिक्षावाल्याने काकांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. काका शांतपणे म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत."

गाडी बदलायचा विषय त्यानंतर सहा महिने निघाला नाही.

घाटात मात्र काकांचं ऐकावं. वरंधा असो की आंबेनळी, ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, हा ट्रकवाल्यांचा नियम त्यांना कुणी तरी लहानपणीच सांगितलेला आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर साधी एएमटी डी मध्ये सोडून दिली तर ती बिचारी ॲक्सिलरेटरवर पाय नाही म्हणून वरचा गिअर टाकून मोकळी होऊ शकते. मग उतरायचं ते ब्रेकच्या जिवावर. ओव्हरटेकचंही तेच. एसटीच्या मागून बाहेर पडावं, समोर कंटेनर दिसावा, पाय दाबावा आणि गिअरबॉक्सने जरा विचार करू द्या म्हणावं, हा अनुभव ज्याला आला आहे तो काकांना हसणार नाही. गाडी पुढे काय करणार हे माहीत असण्यात एक सुख असतं, आणि घाटात ते सुख थोडं थोडकं नसतं.

पण हेच काका कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नऱ्ह्याच्या उताराला लागले की गाडी न्यूट्रल करतात. पेट्रोल वाचतं म्हणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचत असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात हिशेब उलटा आहे: गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठाच तोडला जातो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहावं म्हणून ते जळतच राहतं. म्हणजे काका ब्रेक झिजवून वर पेट्रोलही जाळतात. याच उताराच्या तळाशी नवले पूल आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने डझनावारी गाड्यांचा चुराडा केला, तेव्हा चालकाने इंधन वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी सांगितलं. ती बातमी काकांनी मोठ्याने वाचून दाखवली आणि हळहळले. न्यूट्रल सुटलं नाही.

यातला विनोद असा की रोज सकाळी दूध आणायला काका ॲक्टिव्हावर जातात. तिला गिअर नाही, क्लच नाही. त्याआधी त्यांच्याकडे कायनेटिक होंडा होती, पुण्याच्या फिरोदियांनी होंडाशी हात मिळवून १९८४ मध्ये आणलेली. बटण दाबा आणि निघा. त्याच्याही आधी लूना. मधली काही वर्षं चेतकचा डावा कान पिळून गिअर टाकण्यात गेली, पण एकूण हिशेब केला तर काकांचं निम्मं आयुष्य बिनगिअरचं गेलं आहे. हे कुणी दाखवून दिलं की ते म्हणतात, "स्कूटरचं वेगळं." वेगळं कसं, ते सांगत नाहीत.

त्यांच्या पुतण्याने इंग्लंडात ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, तर त्याला गिअरची गाडी चालवायला कायद्याने बंदी. काकांना हे फार आवडलं. "साहेबाला कळतं!" आपल्याकडे कारच्या लायसन्सवर असा भेद नाही, विदाउट गिअर हा शिक्का बसतो तो दुचाकीवाल्याला. अमेरिकेतल्या मुलीकडे मात्र तीन महिने राहून काका कोमेजून परत आले. तिथे शंभर नव्या गाड्यांत क्लचवाल्या दोन-तीनही नसतात. कुणाला काही सांगायची सोयच नाही.

काकांचं दैवत म्हणजे एसटीचा ड्रायव्हर. तो लांबलचक, थरथरणारा दांडा, त्यावरचा घासून गुळगुळीत झालेला गोल नॉब, आणि घाटाच्या वळणावर एका हाताने चाक फिरवत दुसऱ्याने तो दांडा मागे खेचणारा खाकी माणूस. लहानपणापासून काका एसटीत पुढच्या सीटवर बसून हे बघत आले. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला विजेवर चालणारी शिवाई सुरू झाली. काका मुद्दाम पुढची सीट धरून बसले. बघायला काही नव्हतंच. विजेची मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, तिला पायऱ्या पायऱ्यांनी वेग चढवावा लागत नाही. ड्रायव्हरने बटण दाबलं, पाय ठेवला आणि गाडी निघाली. दांडा नाही, थरथर नाही, वाघोलीच्या गर्दीत साधा क्लचही नाही. काका शिरूर यायच्या आत झोपले. एसटीत झोपायची त्यांची ही पहिलीच वेळ.

शेवटी निर्णय केला तो गुडघ्याने, तोही डाव्याच. हिंजवडीच्या रांगेत दोन तास क्लच दाबून आल्यावर काका जिना एकेक पायरी चढू लागले. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी कुठली?" आणि काकूंनी काकांच्या आधी उत्तर दिलं. मधला मार्ग म्हणून काकांनी ह्युंदाईची आयएमटी बघितली. २०२० मध्ये व्हेन्यूत आलेल्या या प्रकारात गिअरचा दांडा आहे, क्लचचं पेडल नाही. "क्लच नाही तर गिअर टाकल्यासारखं वाटणार कसं?" म्हणून ती बाद झाली.

एएमटी आली. सारसबागेच्या गणपतीपुढे हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. काकांनी पन्नास हजार जास्त मोजले होते, आणि गेल्या प्रत्येक गाडीला हाफ क्लचवर लिंबू चिरडायचं कसब दाखवायची सवय होती. इथे नुसता ब्रेक सोडला आणि गाडीने परस्पर लिंबं चिरडली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. पन्नाशीनंतर गाडी शिकलेल्या काकू आता तीच गाडी डी मध्ये टाकून भजनी मंडळातल्या चौघींना घेऊन आळंदीला जाऊन येतात.

काका चालवतात तेव्हा दांडा एम मध्ये असतो. एम मध्ये गिअर आपण बदलायचा. वेग फार कमी झाला की गाडी न विचारता स्वतःच खालचा गिअर टाकते आणि काकांनी भलत्या वेगाला पहिला मागितला तर सरळ नकार देते, पण काका ते मनावर घेत नाहीत. सिग्नलला गाडी आपली आपण पहिल्यावर येते, आकडा समोर दिसतो, तरी काका दांड्याला एकदा हिसका देऊन घेतात.

परवा पार्किंगमध्ये शेजारच्या मुलाने विचारलं, "काय काका, घेतली ना शेवटी ऑटोमॅटिक?"

"छे! ऑटोमॅटिक कसली?" काका म्हणाले. "एएमटी आहे ती. आतून मॅन्युअलच."