बदक मी उडवतोय

माझ्या गाडीला अँटेना आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

तोवर मी नको तितकं बोलून बसलो होतो. धाकटा भाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून आला, येताना निन्टेन्डोचं यंत्र घेऊन आला, आणि आमच्या दिवाणावर चौघांनी दाटीवाटीनं बसून ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ सुरू झालं. त्यात रेनबो रोड नावाचा एक रस्ता आहे. अंतराळात टांगलेला, आणि कठडा जवळजवळ नाहीच. भाऊ त्यावरून पडत होता, माझा मुलगा पडत होता. मी पडत नव्हतो. बारा गाड्यांत नंबर माझा नववा-दहावा यायचा, पण पडणं नाही म्हणजे नाही. ‘‘वेगाचं काही नसतं रे, तोल पाहिजे,’’ हे वाक्य मी एका संध्याकाळी तीनदा म्हटलं. त्यातलं एकदा बायकोला स्वयंपाकघरातून मुद्दाम बोलावून. वीस वर्षं खंबाटकीतून गाडी काढल्यावर हात कसा बसतो, यावर एक छोटं भाषणही झालं.

तिसऱ्या दिवशी आठ वर्षांची पुतणी माझ्या कानाशी आली. अमेरिकेतली असली तरी पोर समंजस आहे, चारचौघांत बोलली नाही. ‘‘काका, तुमच्या कारच्या मागे ते छोटंसं लुकलुकतं ना, ती अँटेना आहे. तुम्ही पडायला लागलात की ती कारला परत रोडवर आणते.’’

‘‘आणि तुझ्या गाडीला?’’

‘‘मी काढून टाकली. बेबीजसाठी असते ती.’’ मग माझा चेहरा बघून तिनं सावरून घेतलं, ‘‘आधीपासून ऑनच असते, काका. मी फक्त तुमची ऑफ नाही केली.’’

थोडक्यात, मी कच्चं लिंबू होतो.

इथं मला थोडं थांबावंच लागेल, कारण कच्च्या लिंबावर आजवर कुणी नीट लिहिलेलं नाही आणि माझ्याइतका अधिकारी माणूस सापडायचा नाही. कच्चं लिंबू पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ते आउट होतं, पण जात नाही. क्रिकेटमध्ये त्याला सरपटी चेंडू मिळतो आणि त्रिफळा उडाला की ‘‘ट्रायल होता’’ असं सगळे एकमुखानं सांगतात. ही व्यवस्था मुलांनी दयाबुद्धीनं काढली असा एक गोड समज आहे. तो खोटा आहे. ती आयांनी काढली. वरच्या गॅलरीतून ‘‘त्यालाही घ्या, नाहीतर सगळे घरात या!’’ अशी आरोळी आली, त्या क्षणी तिचा जन्म झाला. लिंबाला आपण लिंबू आहोत हे माहीत असतं की नसतं, यावर दोन मतं आहेत. माझं मत असं, की त्याला माहीत असतं, पण खेळातून जाण्यापेक्षा ते बरं म्हणून बोलत नाही. आणि लिंबू पिकतं कधी, तर तेही कुणी जाहीर करत नाही. एके दिवशी अचानक त्याच्यावर खरंच राज्य येतं, ते भोकाड पसरतं, घरी तक्रार नेतं. ती त्याची बढती असते, हे त्या वेळी त्याला कोण सांगणार?

तर या लिंबाचं विद्युतीकरण सांगलीत, आमच्या विश्रामबागच्या घरात, १९९२ च्या उन्हाळ्यात मी केलं. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डोचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ निघाला. आपल्याकडे आली ती त्याची बेनामी भावंडं. आम्ही त्याला टीव्ही गेम म्हणायचो. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, आणि पिक्चर ट्यूब उडेल म्हणून दर अर्ध्या तासानं बाबांचा आक्षेप. मूळ जपानी यंत्रात दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. म्हणजे धाकट्यानं खेळ सुरूही करायचा नाही आणि थांबवायचाही नाही, ही तरतूद थेट कारखान्यातून आलेली. मी ती आणखी पुढं नेली. एक नंबर मी, दोन नंबर शेजारचा मित्र, आणि भावाच्या हातात आधीच्या यंत्राचा मेलेला रिमोट. त्याची वायर टीव्हीवरच्या विणलेल्या रुमालाखाली नीट खोचलेली. ‘‘तुझ्याकडं कासवं,’’ मी त्याला सांगितलं. तो इमानेइतबारे बटणं दाबायचा, आणि मारिओ कासवावरून सहीसलामत उडी मारून गेला की म्हणायचा, ‘‘सोडला बघ दादा तुला.’’

‘कॉन्ट्रा’ला मात्र मी आणि मित्रच. तीस जीव मिळवायची बटणांची आवर्तनं मला पाढ्यांसारखी पाठ. त्यातला धबधबा जे जोडीनं चढलेत त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. वरचा गडी चढत राहिला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. शत्रूची गोळी लागत नाही, मित्राची घाई लागते. मग खालचा वरच्याच्या बरगडीत कोपर घालतो. हा कोपर खेळाच्या नियमांत नव्हता, पण त्याच्याशिवाय तो खेळच नव्हता.

हा कोपर इंटरनेटवरून पाठवता येत नाही, हीच माझी तक्रार आहे.

प्रयत्न केला. दोन वर्षं दर रविवारी सकाळी साडेसातला मी आणि भाऊ ऑनलाइन फुटबॉल खेळायचो. त्याच्याकडे शनिवारची रात्र. पुण्याहून न्यू जर्सी सरळ रेषेत १२,५०० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे निरोप जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद, तेही तार सरळ असती तर. हा हिशेब मी प्रत्येक पराभवानंतर भावाला ऐकवायचो. तो जिंकला की अंतर आडवं आलं. मी जिंकलो तेव्हा ते अंतर कुठं गेलं, असं त्यानं एकदा विचारलं. मी नेट गेल्याचं नाटक केलं.

यासाठी दोन यंत्रं, खेळाच्या दोन प्रती आणि दोन वर्गण्या. एकाच घरातल्या दोघांना शेजारी बसून खेळायचं तर आता कित्येक खेळांत तीही सोय नाही. ‘हेलो’ ही मालिका एका टीव्हीचे दोन तुकडे करून खेळण्यावर मोठी झाली आणि २०१५ मध्ये ‘हेलो ५’ आला तो ती सोय काढूनच. कारण तांत्रिक असतं, मान्य. पडदा दुभंगला की तेच जग यंत्राला दोनदा रंगवावं लागतं आणि दमछाक होते. पण आमच्या आईनं एका स्टोव्हवर चौघांचं चार तऱ्हांचं केलं. तिनं कधी फ्रेम रेट कमी होतो म्हणून सांगितलं नाही.

ती गेली त्या वर्षी आमचे हे रविवार सुरू झाले. बोलायचं बरंच होतं आणि बोलता येत नव्हतं, म्हणून खेळ. पण ऑनलाइन गप्प बसता येत नाही. दिवाणावर दोन भाऊ अर्धा तास मुकाट बसले तर ती शांतता असते. हेडफोनवर दहा सेकंद गप्प राहिलो की तिकडून येतं, ‘‘दादा, आवाज येतोय का?’’ मग मी म्हणायचो, येतोय, तुझा येतोय का? असे दोघं एकमेकांना नुसता आवाज येत असल्याचं कळवत राहायचो.

असो. अँटेनाचा अपमान पचवायला मी त्या रात्री इतरांच्या खोड्या शोधत बसलो होतो, जुन्या खेळांबद्दल वाचत, आणि ‘डक हंट’पाशी आलो. बंदुकीनं बदकं मारायचा १९८४ सालचा खेळ. आमच्याकडे बंदूक अर्थात माझ्याकडे. त्या खेळात रिमोटला काहीच काम नाही अशी माझी खात्री, म्हणून भावाला मी उदारपणे खरा, जोडलेला रिमोट द्यायचो. आणि तो नाचत ओरडायचा, ‘‘बदक मी उडवतोय! बदक मी उडवतोय!’’ मी आणि शेजारचा हसून लोळायचो. माझे नेम मात्र सारखे चुकायचे. बंदूक खराब आहे म्हणून मी दुकानदाराशी भांडूनही आलो होतो.

आता वाचलं ते असं: एका बदकाच्या डावात दुसरा गडी रिमोटनं बदक उडवू शकतो.

रात्रीचे साडेअकरा. भाऊ विमानप्रवासाच्या झोपेच्या गोंधळात जागाच होता, दिवाणावर लोळत. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि त्याला सांगितलं, की तो उडवत होता.

‘‘मग? मी काय म्हणत होतो?’’

‘‘आणि कासवं...’’

‘‘कासवांचं माहीत होतं मला. वायर रुमालाबाहेर यायची. मीच परत आत खोचायचो.’’

पुढं कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं त्यानं टीव्ही लावला, एक रिमोट माझ्याकडं टाकला आणि विचारलं, ‘‘तुझी अँटेना काढू?’’

‘‘राहू दे,’’ मी म्हटलं, आणि पहिल्याच वळणावर त्याच्या बरगडीत कोपर घातला.