टँकरच्या मुलखात समुद्र

धाराशिव जिल्ह्यात पाहुणा आला की आपण आधी तांब्याभर पाणी पुढं करतो आणि मग पिंपात किती उरलं याचा मनातल्या मनात हिशोब मांडतो. अशा मुलखात दिवाणखान्यात तीन फुटी समुद्र मांडून बसणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? माझ्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे आणि तीत मऊ प्रवाळ आहेत. ती बघायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, "मासे कुठं हायत?"

मासे दोन आहेत, तेही तोंडी लावण्यापुरते. खरा संसार दगडांना चिकटलेल्या मंडळींचा. कळंबच्या आत्याबाईंनी चष्मा पुसून काचेला नाक लावलं.

"दगडाला फुलं आल्याली दिसायलीत."

"फुलं नाहीत आत्या, प्राणी आहेत."

"मग हलत का न्हाईत?"

तेवढ्यात झेनिया नावाच्या प्रवाळानं हात उघडझाप करून दाखवले. आत्याबाई दोन पावलं मागं सरल्या. "ह्ये दिवसभर असंच करतंय? कशापायी?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मिळायला शास्त्रज्ञांनाही २०१३ साल उजाडावं लागलं. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा घरमालकाला देतं. हात हलवल्यानं भोवतीचं पाणी ढवळतं, साचलेला प्राणवायू दूर जातो आणि शेवाळाचं काम जोरात चालतं, असं इस्रायली संशोधकांनी दाखवलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी भाडेकरूला वारा घालायलंय."

पुण्या-मुंबईचे पाहुणे हसून विचारतात, "तुमचा आणि समुद्राचा संबंध काय?" त्यांना मी आधी तुळजापूरला धाडतो. आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ काही बोरी नदीत पिकलेली नाही. मग तेरला पाठवतो. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात तेर येतं ते 'तगर' नावानं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे. ते तांबडं पोवळं माझ्या टाकीतल्या मंडळींचं जवळचं नातलग. दोघांच्याही प्रत्येक तोंडाभोवती पिसांसारखे आठ हात. म्हणजे हे घराणं आमच्या बाजारपेठेला नवखं नाही. त्या पोवळ्याला फक्त पंखा लागत नव्हता, एवढाच फरक.

पंखा हे आमच्या घरातलं ज्वलंत प्रकरण आहे. मऊ प्रवाळाला चोवीस ते सत्तावीस अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर पाणी गेलं की अंगातलं शेवाळ बाहेर टाकून तो पांढरा पडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून टाकीवर टेबलफॅन लावायचा. वाऱ्यानं पाण्याची वाफ होते आणि टाकी दोन-तीन अंशांनी निवते. वडील बाजेवरून गर्जतात, "माणसं घामानं निथळायलीत अन् ह्यानं दगडाला पंखा लावलाय!" लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी लाटांचा पंप चालतो, मग माणसांचा पंखा. लाट थांबली की पाण्यातला प्राणवायू घटतो. माणसं ओसरीवर जाऊन बसू शकतात, हा माझा युक्तिवाद घरात अजून कुणाला पटलेला नाही.

वाफ होते तेव्हा पाणी जातं, मीठ मागंच राहतं. त्यामुळे घट भरून काढायची ती गोड्या पाण्यानं. ते गोडं पाणी मिळवणं हीच इथली खरी तपश्चर्या. आमच्या बोअरचं पाणी बादलीच्या कडेला पांढरी रांगोळी काढतं. ते आरओतून काढलं की एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर पडतं. ते सांडू देणारा माणूस या जिल्ह्यात जन्माला यायचाय. त्यावर आमची फरशी पुसली जाते, संडास धुतला जातो आणि अंगणही शिंपलं जातं. शुद्ध पाण्यात लिटरमागं पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ कालवलं की समुद्र तयार. हे मीठ खास टाकीसाठी येतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं मोजून घातलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या बरणीला हात लावून भागत नाही.

आत्याबाईंनी नारळी पौर्णिमेला या समुद्रात नारळ सोडायची तयारी केली. जागेअभावी तो बेत रहित झाला, तेव्हा त्या तांब्याच्या कलशातलं पाणी घालायला निघाल्या. तांबं आपल्या तब्येतीला चांगलं म्हणतात, प्रवाळाला मात्र ते थेंबाथेंबानं मारतं. कलश माघारी देव्हाऱ्यात गेला, नारळाची चटणी झाली आणि धर्म टिकला.

या मंडळींचा स्वभाव सांगायलाच हवा. छत्रीसारखा दिसणारा सार्कोफायटन अधूनमधून रुसतो. सगळे हात आत ओढून घेतो, अंगावर मेणचट चकाकी येते आणि आठवडाभर तसाच मख्ख उभा राहतो. येणारा-जाणारा विचारतो, "मेलं का?" मेलेलं नसतं, कात टाकत असतं. त्याला हलवायचं नाही, औषध घालायचं नाही. लाट नीट वाहती ठेवायची. एके दिवशी साल सुटून वाहून जाते आणि आतून फुगलेला, ताजा कोरा प्राणी निघतो. दोन जातींच्या मध्ये मात्र वीतभर मोकळी जागा सोडावी. गरीब दिसणारे हे जीव शेजाऱ्यावर पाण्यातून विष सोडतात. बांधाचं महत्त्व आमच्या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वर कार्बनची पिशवी टाकली की विष शोषलं जातं आणि कोर्टात जायची वेळ येत नाही.

यांना फार चकचकीत पाणीही नको असतं. थोडं नायट्रेट त्यांना मानवतं. माझ्या अव्यवस्थितपणाचा फायदा झालेला या घरातला पहिला जीव हाच, असं सौ.चं मत आहे. वाढले की कात्रीनं तुकडा कापायचा. वासानं शेजारची मांजर येते. तो तुकडा खडीच्या डबीत ठेवून वर मच्छरदाणीची जाळी बांधली की दोन-तीन आठवड्यांत तो खड्याला धरतो. मग मित्राला द्यायचा.

हा नाद लागलाच तर असाच कुणाच्या तरी टाकीतला तुकडा मागून घ्या. मालवणच्या किनाऱ्यावरून मोडून आणू नका. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. टाकी घेतल्यावर महिनाभर नुसतं पाणीच सांभाळा, प्रवाळ नंतर आणा. प्रवाळाला रोजचं पाणी कालच्यासारखं लागतं, आणि पाण्याचा थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणारा माणूस कोकणापेक्षा धाराशिवात लवकर सापडेल. तेव्हा समुद्र दूर आहे म्हणून कचरू नका. फक्त दारात टँकर आला की आधी घरातली पिंपं भरा. समुद्र संध्याकाळपर्यंत थांबतो.